रत्नागिरीच्या मातीचा कस : कातळ, वरकस, खाचर आणि खार

रत्नागिरी जिल्ह्यातील जमिनीचा भाव गेल्या तीन-चार दशकांत कितीतरी पटींनी वाढला. त्याच काळात तिचा कस वाढला काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ देता येत नाही. ज्या कातळाला आपल्या आजोबांच्या काळी कोणी विचारत नव्हते, त्यावर आज हापूसच्या बागा उभ्या आहेत. ज्या भातखाचरांच्या एकेका बांधासाठी भाऊबंदांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती खाचरे मात्र गावोगाव पडीक दिसतात. खाडीकाठची खारजमीन काही ठिकाणी पुन्हा समुद्राकडे गेली आहे. म्हणजे उत्तम जमीन कोणती आणि हलकी जमीन कोणती, याचा क्रमच एका-दोन पिढ्यांत बदलला. गावी घर आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या मुंबई-पुण्याच्या हजारो कुटुंबांचा या बदलाशी थेट संबंध आहे. म्हणूनच त्याची कारणे आणि परिणाम नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

जमिनीची घडण

मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर अशा नऊ तालुक्यांचा हा जिल्हा सुमारे ८,२०८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो याहून बराच मोठा होता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मधली पट्टी जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांची. एवढ्या अरुंद उतारावर वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. येथील मातीचे गुण आणि दोष यांतच दडलेले आहेत.

मूळ खडक सह्याद्रीचाच, म्हणजे काळा बेसॉल्ट. भरपूर पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे, तापलेले महिने असे चक्र लाखो वर्षे चालले, की खडकातील चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. त्यांचाच बनतो जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश संशोधकाने १८०७ मध्ये या दगडाला लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. जमिनीत असताना मऊ असणारा आणि उघड्यावर येताच टणक होणारा हा दगड चिऱ्यांच्या रूपाने कोकणातल्या घरांना आणि गडग्यांना फार उपयोगी पडला. शेतीला मात्र त्याने कायम हात आखडूनच दिले.

जांभ्यापासून झालेल्या मातीचा सामू आम्लधर्मी असतो. तिच्यात चुना आणि मॅग्नेशियम कमी असतात. लोह व ॲल्युमिनियम मात्र विपुल असल्यामुळे खतातून दिलेले स्फुरद ते घट्ट धरून ठेवतात आणि ते पिकाच्या मुळांना सहजासहजी मिळत नाही. दाट झाडोऱ्यामुळे सेंद्रिय कर्बाचे प्रमाण राज्याच्या कोरडवाहू भागापेक्षा चांगले आढळते, पण तो कर्ब वरच्या पातळ थरात असतो. तो थर गेला की उरतो मुरूम किंवा कातळ. रत्नागिरीच्या जमिनीची सारी श्रीमंती वरच्या वीतभर मातीत आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

जुनी प्रतवारी

शेतकऱ्याने या जमिनीची केलेली विभागणी प्रयोगशाळेपेक्षा जुनी आणि नेमकी आहे. माथ्यावरचा सपाट, उघडा भाग म्हणजे सडा किंवा कातळ. पावसाळ्यात गवत आणि रानफुले, एरवी गुरांना चरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. त्याखालचा उतार म्हणजे वरकस. तेथे नाचणी, वरी, हरीक, तीळ अशी पिके आलटून पालटून घ्यायची आणि मग काही वर्षे जमिनीला विसावा द्यायचा. उताराच्या पायथ्याशी आणि वहाळांच्या काठी बांध घालून केलेली भातखाचरे. त्यातही पाणी टिकणारी मळ्याची किंवा पाणथळ जमीन सर्वांत चांगली, कारण तेथे पावसाळी भातानंतर वायंगण म्हणजे उन्हाळी भात किंवा ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी होत असे. किनाऱ्याला पुळणवट जमिनीत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि खाडीच्या कडेला बांध घालून समुद्रापासून मिळवलेली खार.

ब्रिटिश महसूल पाहणीने मातीची प्रत आण्यांत मोजली आणि भातजमिनीसाठी पाण्याची सोयही हिशेबात धरली. त्या प्रतवारीवर आधारलेल्या आकाराच्या खुणा आजही सातबाऱ्यावर आहेत. कातळ बहुधा पोटखराब्यात गेला, वरकसाला नाममात्र आकार लागला आणि भार सारा भातजमिनीवर पडला. ही प्रतवारी प्रत्येक तुकड्याचा कस वेगळा मोजत होती. प्रत्यक्षात मात्र हे तुकडे एकमेकांवर जगत होते.

वरकसाचा कस खाचरात

वरकस ही केवळ हलक्या पिकांची जमीन नव्हती. कूळकायद्यातही वरकस जमिनीची ओळख भातशेतीच्या राबासाठी वापरली जाणारी जमीन अशीच करून दिली आहे. राब म्हणजे काय, हे आजच्या शहरी वाचकाला सांगावे लागेल. हिवाळ्याच्या अखेरीस वरकसातील ऐन, किंजळ आदी झाडांच्या फांद्या छाटायच्या. याला कवळ तोडणे म्हणतात. ती कवळे, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर दाढीच्या म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पावसापूर्वी ते भाजायचे. हीच भाजावळ. तिच्या राखेतून पालाश, चुना आणि सिलिका मिळे. आचेमुळे तणाचे बी मरे आणि माती भुसभुशीत होऊन रोपे जोमाने येत.

ही पद्धत अडाणीपणाची आणि जंगल नासवणारी आहे, असे वनखात्याचे मत होते. शेतकरी मात्र तिला सोडायला तयार नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे, कुलाबा भागांत या प्रश्नावरून इतका असंतोष माजला, की सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राब पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. भाजावळीत केवळ राखेचेच नव्हे तर उष्णतेचेही महत्त्व आहे, हे त्यातून पुढे आले.

थोडक्यात, डोंगरावरचा पाला, गोठ्यातले शेण आणि पावसाने आणलेला गाळ या तीन वाटांनी वरचा कस खालच्या खाचरात येत होता. खाचराला पाण्याची जोडही होती. आम्लधर्मी जमीन पाण्याखाली राहिली, की तिचा सामू उदासीनतेकडे सरकतो, लोहाचे रासायनिक रूप बदलते आणि त्याने धरून ठेवलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते. जांभ्याच्या मातीत इतर पिके उपाशी राहत असता भात का पिकतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. बांध घालून पाणी अडवणाऱ्या आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभवाने त्यांनी या मातीसाठी सर्वांत योग्य असा उपाय शोधला होता.

डोंगर उघडे पडले, खाड्या भरल्या

ही व्यवस्था चिरकाल समतोलात होती, असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. लोकसंख्या वाढली तसा वरकसाचा विसाव्याचा काळ कमी झाला. उतारावरील रान तोडून, जाळून नाचणी-वरी पेरली जाऊ लागली. मुंबई शहर वाढू लागल्यावर सरपणाची आणि लाकडाची मागणी कोकणातील खाड्यांमधून भागवली गेली. रत्नागिरीत सरकारी राखीव जंगल फारच थोडे आणि बहुतांश झाडी खासगी मालकीची, अशी स्थिती आजही आहे. त्यामुळे तोडीला आवर घालणारे कोणी नव्हते.

वाहून गेलेली माती कोठे गेली, याचा पुरावा खाड्यांनी जपून ठेवला आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात खाड्या गाळाने उथळ होत चालल्याचे उल्लेख येतात. शास्त्री नदीतून संगमेश्वरच्या धक्क्यापर्यंत येणाऱ्या गलबतांना पुढे खालीच थांबावे लागले. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले राजापूर हे बंदर म्हणून मागे पडले, त्यातही गाळाचा वाटा होता. बंदरांच्या ऱ्हासाचा इतिहास आपण व्यापाराचा म्हणून वाचतो. डोंगरउतारावरील शेतजमिनीच्या झिजेचाही तो इतिहास आहे.

झिजेचे गणित साधे आहे. एक हेक्टर जमिनीवरून मातीचा केवळ एक मिलिमीटर थर गेला, तर १० घनमीटर म्हणजे सुमारे १२ ते १४ टन माती जाते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. परंतु वीतभर मातीच्या प्रदेशात असे पन्नास पावसाळे गेले, तर चौथ्या हिश्श्याची जमीन नाहीशी झालेली असते.

खोतीचा वारसा

कस टिकवायचा तर कसणाऱ्याला जमिनीची शाश्वती हवी. रत्नागिरीत ती नव्हती. जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून पिकाचा वाटा घेई. भातजमिनीत तो सामान्यतः अर्धा, वरकसात तिसरा हिस्सा असे. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांचे हक्क नोंदले गेले, तरी बांधबंदिस्ती करून जमीन सुधारली तर तिचे फळ आपल्याच पदरात पडेल, याची खात्री अनेकांना नव्हती. मूळ मंडणगड तालुक्यातील आंबडव्याच्या घराण्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कुळे जमिनीचे मालक ठरू लागली.

मालकी मिळाली, परंतु तोवर कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत गेला होता. शेती बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर आणि मनीऑर्डरीच्या आधाराने चालू राहिली. वारसांची नावे वाढत गेली आणि दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-वीस नावे लागली. आपल्या एकट्याचे नसलेले खाचर कोणी सुधारायचे, हा खोतीच्या काळातील प्रश्न निराळ्या रूपात पुन्हा उभा राहिला.

कातळावरची बाग

याच पार्श्वभूमीवर हापूसने जिल्ह्याचे शेतीचित्र पालटले. १८ मे १९७२ रोजी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. कलमांची निर्मिती, लागवडीचे तंत्र आणि खतांच्या मात्रा यांचा प्रसार त्यामुळे झाला. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली आणि वरकस, पडीक व कातळ जमिनी मोठ्या प्रमाणावर आंबा-काजूखाली आल्या. जिल्ह्यात आज या दोन पिकांचे एकत्रित क्षेत्र भातापेक्षा कितीतरी अधिक आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्याने त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षणही लाभले.

हलक्या जमिनीत हापूस चांगला का येतो, याचे उत्तर तिच्या हलकेपणातच आहे. कातळावरील उथळ मातीतले पाणी पावसाळा संपताच आटते. झाडाची पालवी थांबते आणि थंडी पडताच मोहोर येतो. खोल, ओलसर जमिनीत तेच झाड पालवीवर जोर देते. भाताच्या दृष्टीने जो दोष, तोच आंब्याच्या दृष्टीने गुण ठरला. जमिनीचा दर्जा ही स्वयंभू वस्तू नाही. तो पिकावर ठरतो, हा धडा रत्नागिरीइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

परंतु या बागांची माती मुळात तेथली नाही. कातळात सुरुंग लावून किंवा यंत्राने खड्डे खोदायचे आणि ते बाहेरून आणलेल्या मातीने भरायचे, अशी पद्धत पडली. दहा बाय दहा मीटर अंतरावर हेक्टरी १०० कलमे आणि प्रत्येकासाठी एक घनमीटरचा खड्डा धरला, तर एका हेक्टरला १०० घनमीटर भर लागते. ती सगळी मातीचीच घातली, तर सुमारे १० गुंठे जमिनीचा दहा सेंटिमीटर जाडीचा वरचा थर खरवडून न्यावा लागेल. प्रत्यक्षात पालापाचोळा, शेणखत आणि दगडचुराही वापरला जातो. तरीही पायथ्याच्या शेतातून, नदीकाठच्या मळ्यातून आणि उतारावरून माती उचलली गेलीच. पूर्वी वरचा कस खाली येत असे. आता खालची माती वर गेली.

कातळावर माती नेऊन बाग उभी करणाऱ्या बागायतदाराच्या कष्टांना तोड नाही आणि जिल्ह्याला पैसा मिळवून दिला तो याच बागांनी. मात्र ही घडवलेली जमीन जपावी लागते. उतारावर यंत्राने सपाटीकरण करून झाडोरा समूळ काढला आणि गडगे किंवा गवताचे पट्टे ठेवले नाहीत, तर पहिल्या जोरदार पावसात आणलेली मातीच वाहून जाते. अर्धवर्तुळाकार दगडी गडगे घालून प्रत्येक कलमाची माती अडवण्याची जुनी रीत यासाठीच होती.

दुसरा प्रश्न रसायनांचा आहे. हापूस मुळात एक वर्षाआड फळणारा. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनिरोधक, जे बागायतदारांत ‘कल्टार’ या नावाने प्रसिद्ध आहे, जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीत दिले जाते. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्तारावरून मात्रा ठरवण्याची आहे. बाग कराराने घेणाऱ्याचे लक्ष मात्र दोन-चार हंगामांपुरते असल्याने मात्रा वाढवण्याचा मोह होतो. हे द्रव्य मातीत दीर्घकाळ राहते. त्याच्या जोडीला पुरेसे शेणखत आणि अन्नद्रव्ये दिली नाहीत, तर सततच्या फळधारणेने झाड थकते आणि जमीनही रिती होते. कराराने दिलेल्या बागेत मातीचा वाली कोण, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

पडीक खाचरांचे दुखणे

कातळाचे भाग्य उजळत असता खाचराचे मावळत गेले. मजुरी महागली, बैलजोड्या गेल्या, त्यांची जागा काही ठिकाणी पॉवर टिलरने घेतली. उरलेल्या शेतकऱ्याला रानडुकरे आणि माकडे यांनी हैराण केले. स्वस्त धान्य दुकानातला तांदूळ पिकवलेल्या तांदळापेक्षा परवडू लागला. दाराशी असलेली लहानखुरी गावठी गुरे कमी झाली आणि त्यांच्याबरोबर शेणखतही कमी झाले. कवळ तोडायला माणूस राहिला नाही, भाजावळ आटली आणि युरियाची पोती आली. नत्र मिळाले, पण राखेतून येणारी पालाश, चुना आणि सिलिका ही शिदोरी बंद झाली.

पडीक राहिल्याने जमिनीला विसावा मिळतो, असा समज शहरात आढळतो. वरकसाच्या बाबतीत तो खरा होता. खाचराच्या बाबतीत तो खरा नाही, कारण खाचर हे माणसाने उभारलेले बांधकाम आहे. त्याचा बांध दरवर्षी लिंपावा लागतो. खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवली नाहीत, तर एका पावसाळ्यात भोकाची घळ होते. वरच्या खाचराचा बांध फुटला, की पाण्याचा लोंढा खालच्याचा बांध घेऊन जातो. त्यामुळे ओळीतील एकाने शेती सोडली, तर खालच्या कसणाऱ्यालाही ती सोडावी लागते. पाणी थांबत नाही म्हणून सामू पुन्हा आम्लतेकडे झुकतो आणि स्फुरद पुन्हा जखडले जाते. रानमोडीसारखी झुडपे शिरतात आणि उन्हाळ्यात वणवा आला, की तो थेट शेजारच्या बागेत जातो. खाचरात मुरणारे पाणी विहिरींना मिळत असे, तेही कमी होते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतात. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

खारभूमी

खाडीकाठची खार ही माणसाने बांध घालून समुद्रापासून सोडवलेली जमीन. बाहेरून खारबांध, त्यात भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी उघाडी, आणि आत भात. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचे आणि मग मोड आणलेले बी फेकून ‘रहू’ पद्धतीने पेरायचे, असा येथला शिरस्ता. काळा राता, भुरा राता यांसारखे क्षार सोसणारे गावठी वाण त्यासाठी होते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ असे सुधारित वाण दिले.

पूर्वी बांधाची देखभाल गावकरी मिळून करीत. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही जबाबदारी मोठ्या अंशी शासनाकडे आली. सरकारी बांध झाले, पण ‘आपला बांध’ ही भावना ओसरली. उधाणात बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर खारे पाणी आत येते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की जमीन क्षारयुक्त समजली जाते आणि भाताचे उत्पन्न घटू लागते. दोन-तीन वर्षे असेच चालले, की कांदळवन उगवते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. किनाऱ्याच्या रक्षणासाठी कांदळवन मोलाचे आहे, यात शंका नाही. तथापि, ज्याची शेती गेली त्या कुटुंबाच्या हिशेबात ही बाजू जमेला येत नाही.

अलीकडचे आघात

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि मनुष्यहानीबरोबरच खालच्या शेतांवर दगडगोट्यांचा खच पडला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड, दापोली भागांतील नारळ, पोफळी आणि आंब्याची जुनी झाडे मुळांसकट उपटली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर नदीतील गाळ काढण्याची मागणी जोरात आली आणि कामही सुरू झाले. गाळ काढणे आवश्यकच आहे. मात्र तो गाळ म्हणजे वरच्या गावांची शेतजमीन आहे, हे त्या चर्चेत फारसे ऐकू आले नाही. उतारावरील माती जागेवर राहिली नाही, तर नदी कितीदाही उपसली तरी ती पुन्हा भरणार.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात डोंगर कापले गेले. उघड्या पडलेल्या उतारांवरून येणारी माती खालच्या शेतांत आणि वहाळांत उतरते. चिरेखाणींनी अनेक सड्यांवर खोल चौकोनी खड्डे सोडले आहेत. ज्या सड्यांना आपण ओसाड म्हणून सोडून दिले, त्यांवर प्राचीन कातळशिल्पे असल्याचे गेल्या काही वर्षांत जगाला कळले आणि २०२२ मध्ये त्यांपैकी काही स्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. ओसाड हा शब्द किती जपून वापरावा, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

कस राखता येईल काय?

उपाय अज्ञात नाहीत. आम्लधर्मी जमिनीला माती परीक्षणानुसार चुना देणे, महागड्या विद्राव्य खताऐवजी आम्ल जमिनीत हळूहळू विरघळणारे रॉक फॉस्फेट वापरणे, बागेत पालापाचोळा न जाळता त्याचे आच्छादन करणे, ही साधी कामे आहेत. भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ‘चारसूत्री’ पद्धत तर रत्नागिरीच्या परंपरेशी नाते सांगणारी आहे. भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेतात परत देणे, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी करणे आणि युरियाच्या ब्रिकेट चिखलात खोल खोचणे, अशी ही चार सूत्रे. राखेतली सिलिका आणि झाडाचा पाला हा राबाचाच गाभा त्यात आहे. मात्र त्यासाठी रान तोडावे लागत नाही. भातानंतर ओलीवर कुळीथ-पावट्यासारखी कडधान्ये घेतली, तर जमिनीला नत्रही मिळते. त्यासाठी मोकाट सोडलेल्या गुरांना आवर घालण्याचा निर्णय गावाने मिळून घ्यावा लागतो.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाशापासून सूक्ष्म अन्नद्रव्यांपर्यंत बारा बाबींची नोंद या पत्रिकेत असते. ही उपयुक्त सोय आहे. परंतु रत्नागिरीच्या दृष्टीने तिच्यात एक उणीव राहते. मातीत काय आहे हे ती सांगते, माती किती शिल्लक आहे हे सांगत नाही. येथे मातीची खोली हाच पहिला आकडा असायला हवा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने राज्याच्या मातीचे नकाशे केले आहेत. त्यांचा उपयोग गावपातळीवर, एकेका उताराचा विचार करण्यासाठी झाला, तर कोठे बाग करावी, कोठे झाडी राखावी आणि कोणत्या खाचरांच्या ओळी कोणत्याही स्थितीत टिकवाव्यात, हे ठरवणे सोपे जाईल.

समारोप

रत्नागिरीची जमीन बिघडली की सुधारली, याचे एका शब्दात उत्तर नाही. कातळ उपयोगात आला, ही कमाई आहे. खाचरे आणि खार यांची हानी होत आहे आणि वरकसाची माती झिजत आली आहे, हा तोटा आहे. या जमेतला आणि खर्चातला फरक असा, की बाग एका पिढीत उभी राहते. जांभ्यावर वीतभर माती तयार व्हायला मात्र कित्येक शतके लागतात. जुन्या व्यवस्थेत माथ्यापासून खाडीपर्यंतच्या जमिनी एकमेकींना कस पुरवीत होत्या. त्या व्यवस्थेतली वेठ आणि दारिद्र्य परत आणण्याचे कारण नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. जमिनीचा विचार गट नंबरनुसार न करता संपूर्ण उताराचा म्हणून करायला हवा.

गावची जमीन विकावी, कराराने द्यावी की तशीच ठेवावी, याचा विचार शहरातील अनेक घरांत चालू असतो. त्या चर्चेत गुंठ्याचा भाव पहिल्यांदा निघतो. निदान त्यानंतर तरी त्या गुंठ्यात किती माती आहे, बांध शाबूत आहे काय आणि आपल्या शेतातले पाणी खाली कोणाच्या शेतात जाते, हे विचारले गेले पाहिजे. भाव पुन्हा वाढतील. वाहून गेलेली माती मात्र परत येणार नाही.